सहाव्या कर्ण्याचं उत्तर

आमच्या डोंगरातल्या लाओखेंग गावात ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोणाच्याही घरी गेलं तरी बसायला जागा नसते. अंगण, ओटा, पत्र्याचं छप्पर, जिथे ऊन आणि वारा लागेल तिथे बांबूच्या गोल परड्या आणि प्रत्येक परडीत सोललेली पर्सिमनं. ही नारिंगी फळं दिवसातून दोनदा उलटायची, तिसऱ्या दिवसापासून बोटांनी दाबायची. आठव्या दिवशी ती चपटी आणि तपकिरी होतात, आणि मग घरात पुन्हा खुर्च्या दिसतात. हवा मात्र कोरडी हवी. सोललेलं फळ चोवीस तास दमट खोलीत कोंडून राहिलं की बुरशी धरते, आणि वर्षाचं पीक डुकरांपुढे टाकावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी फळं सोलून झाली आणि वादळ आलं.

सोमवारी दुपारी बाराला पुलापलीकडच्या वरच्या वस्तीतले त्रेचाळीस जण खाली शाळेच्या हॉलमध्ये आले. त्यात माझी आई होती. तिच्या बावन्न परड्या तिने आतल्या खोलीत एकावर एक रचल्या, शेगडीत निखारे ठेवले आणि दार लावून घेतलं. तिला खाली आणायला मी शिन्चू शहरातून सकाळीच आले होते. गाडीत तिने एकच प्रश्न विचारला, "उद्या बारापर्यंत परत जाता येईल ना?" मी हो म्हटलं.

मी शिन्चूत अकरा माणसांच्या एका कंपनीत काम करते. आम्ही गावांसाठी सूचना देणारी यंत्रं बनवतो: मायक्रोफोन, एक छोटा संगणक, आणि तारांनी जोडलेले खांबांवरचे कर्णे. संगणक आणि त्याला जोडलेलं सामान यांच्यात बोलणं करून देणारा जो प्रोग्रॅम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो मी लिहिते. लाओखेंगचं यंत्र आमचं होतं आणि त्यातला ड्रायव्हर माझा.

ड्रायव्हरचं पहिलं काम म्हणजे जोडलेलं सामान तयार आहे का हे जाणून घेणं. आमच्या धंद्यातली जुनी खोड अशी की विचारायचंच नाही. दोन सेकंद थांबायचं आणि तयार झालं असेल असं धरून चालायचं. बहुतेक वेळा ते झालेलं असतं. मी तसं करत नाही. माझा ड्रायव्हर दर अर्ध्या सेकंदाला प्रत्येक तारेवरून कानाला न ऐकू येणारा बारीकसा प्रवाह सोडतो, आणि त्या तारेचं कार्ड, म्हणजे हाताच्या पंजाएवढी इलेक्ट्रॉनिक पट्टी, त्याला उत्तर देतं. उत्तरं तीनच. 'जोडलेलं नाही', म्हणजे लाल दिवा. 'तयार', म्हणजे हिरवा. आणि 'थांबा', म्हणजे पिवळा. हे तिसरं उत्तर फक्त यंत्र सुरू होताना येतं, कार्ड स्थिर व्हायला लागणाऱ्या सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शापुरतं. सात वर्षांत पिवळा दिवा मी डोळ्यांनी धड पाहिला नव्हता. लागला न लागला तोच जातो.

आणखी एक गोष्ट मी त्यात घातली होती. आठही कर्णे तयार असतील तरच यंत्र बोलणार. आधीच्या यंत्रात सहा कर्णे वाजायचे, दोन मुके राहायचे, आणि त्या दोन खांबांखालच्या घरांना काहीच कळायचं नाही. सगळ्यांना किंवा कोणालाच नाही, हे गावाला पटलं होतं.

गावाचा स्वतःचाही एक नियम होता. जाताना कर्णा, येताना कर्णा. नऊ वर्षांपूर्वीच्या एका वादळानंतर स्कूटरवरून कोणीतरी "झालं, चला घरी" असं ओरडत गेलं. बारा जण पूल ओलांडून वर गेले, अर्ध्या तासाने पाणी आलं. माणसं वाचली, शेळ्या गेल्या. स्कूटरवर कोण होतं, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. तेव्हापासून कर्ण्यावर सरपंचांचा आवाज आल्याशिवाय पुलाची साखळी कोणी काढत नाही.

मंगळवारी पहाटे सहाला पाऊस थांबला. साडेआठला जिल्ह्याच्या कचेरीने दरड कोसळण्याचा इशारा मागे घेतला. नऊला ऊन पडलं आणि ईशान्येकडून तो आमचा कोरडा वारा सुटला, ज्याच्यासाठी हे गाव पर्सिमनं पिकवतं. हॉलमध्ये सगळ्यांनी वळकट्या बांधल्या.

नऊ चाळीसला सरपंच फान जिन-साय मला शोधत आले. वय अडुसष्ट, पायात रबरी बूट, कानामागे पेन.

"आ-हान, तुझं यंत्र रुसलंय."

"काय झालं, काका?"

"सात हिरवे, एक पिवळा. पिवळा पण असतो हे मला आत्ता कळलं."

यंत्र शाळेशेजारच्या समाजमंदिरात, टेबलावर होतं. सहा नंबरचा दिवा पिवळा. सहावी तार आईच्या घराच्या वरच्या वळणावरच्या खांबाकडे जाते. मी लॅपटॉप जोडला आणि नोंदी पाहिल्या. पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांपासून दर अर्ध्या सेकंदाला एकच ओळ. सहा: थांबा. सहा: थांबा. तोवर अठ्ठावीस हजारांच्या आसपास ओळी झाल्या होत्या.

तार तुटली असती तर 'जोडलेलं नाही' आलं असतं. पाणी शिरलं असतं तरी तेच. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. सात दिवे पिवळे होऊन हिरवे झाले. सहावा पिवळाच राहिला.

"कार्ड गेलंय," मी म्हटलं. सहाव्या खाचेतलं कार्ड काढून दोनमध्ये घातलं, दोनचं सहामध्ये. दोन हिरवा. सहा पिवळा.

"म्हणजे कार्ड नाही गेलेलं," सरपंच म्हणाले.

"नाही."

"मग कर्णा?"

कर्णा म्हणजे तारेचं एक वेटोळं आणि लोहचुंबक. त्याच्यात 'थांबा' म्हणण्यासारखं काही नसतं. ते उत्तर कार्डात तयार होतं आणि कार्ड चांगलं होतं. मी सहावी तार सोडवली. दिवा लाल झाला, 'जोडलेलं नाही'. बरोबर. पुन्हा जोडली. पिवळा.

दारात पेंग काकू येऊन उभ्या राहिल्या. आईच्या शेजारीण, पंच्याहत्तर परड्या.

"अगं, तू शहरात शिकलीस ना हे? का नुसतीच राहिलीस तिथे?"

"बघते आहे, काकू."

"बघ, बघ. माझी फळंही तुझ्याकडेच बघतायत."

साडेदहा वाजले. मी जिल्ह्याच्या कचेरीला फोन केला. इशारा नाही, रस्ता मोकळा, तुमचं तुम्ही ठरवा. कंपनीत फोन केला. माझा सहकारी वेन म्हणाला, "रेझिस्टर लाव आणि मोकळी हो." आम्ही कारखान्यात तेच करतो. कर्ण्याऐवजी तारेच्या जागी तेवढ्याच रोधाचा बोटाएवढा तुकडा लावला की कार्डाला कर्णा जोडल्यासारखंच वाटतं. माझ्या पिशवीत तसे चार होते.

मी ते सरपंचांना समजावून सांगितलं.

"म्हणजे सहावा वाजणार नाही, पण बाकीचे वाजतील?"

"हो. यंत्राला खोटं सांगायचं."

"सहाव्या खांबाखाली आत्ता आहे कोण? तुझी आई इथे, पेंग इथे. लाव."

खोटं नव्हतंच ते, असं मी स्वतःला सांगितलं. त्रेचाळीसही जण खालीच होते. खालचे चार कर्णे वाजले तरी पुरे होतं. तरी माझा हात रेंगाळला. हा ड्रायव्हर लिहिताना मी नेमकं हेच होऊ नये म्हणून तीन महिने भांडले होते.

अकरा वाजता खिडकीतून पाहिलं तर पुलाच्या साखळीपाशी नऊ माणसं उभी होती. सर्वांत पुढे आई. हातात छत्री, काठीसारखी टेकलेली. तिने दुसरा हात साखळीच्या आकड्यावर ठेवला होता. नियम तिला ठाऊक होता, म्हणून ती आकडा काढत नव्हती, नुसता धरून होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सहावी तार सोडवली, तिची दोन टोकं टेबलावर बाजूला ठेवली आणि त्या जागी रेझिस्टर पक्का केला.

सहा हिरवा. आठही हिरवे.

"झालं?" सरपंचांनी मायक्रोफोन जवळ ओढला. बोलण्यापूर्वी ते दोनदा खोकतात. एकदा खोकले. अंगठा बटणावर ठेवला.

सहा पिवळा झाला.

मी आधी तारेकडे पाहिलं. ती टेबलावरच होती. तांब्याची दोन्ही टोकं उघडी, मधे चार बोटांचं अंतर.

"हात लागला का तुझा?"

"नाही."

मी रेझिस्टर काढला. दिवा लाल व्हायला हवा होता. पिवळा.

मी कार्डच खाचेतून उपसलं. त्याची कड अजून कोमट होती. ते मी हातात धरलं आणि पडद्याकडे पाहिलं.

सहा: थांबा.

सहा: थांबा.

खाच रिकामी होती. तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

"आ-हान," सरपंच हळू म्हणाले, "मला यातलं कळत नाही. हे असं होतं का?"

"नाही, काका."

"कधीच?"

"उत्तर देणारं कार्ड माझ्या हातात आहे."

त्यांनी अंगठा बटणावरून उचलला. मायक्रोफोन उलटा करून टेबलावर ठेवला, त्याचं तोंड कापडावर टेकवून, रडणाऱ्या मुलाला छातीशी धरावं तसं. मग उठले, बूट वर ओढले आणि म्हणाले, "चल. आधी जेवून घेऊ या सगळे."

पुलावर ऊन छान होतं. ओढा गढूळ, पण काठाच्या खूप खाली. सरपंचांनी सांगितलं की यंत्र अजून तयार नाही, शाळेत तांदळाच्या शेवया आणि खारवलेल्या पाल्याचं सूप तयार आहे. कोणीतरी हसलं. आई हसली नाही.

"तुझं यंत्र बिघडलंय?" तिने मला विचारलं.

"नाही."

"मग?"

"तयार नाही म्हणतंय."

"कोण म्हणतंय?"

मी हातातलं कार्ड कोटाच्या खिशात घातलं.

"बाराला तू हो म्हणाली होतीस," आई म्हणाली. "जा, फळांना सांग तयार नाही म्हणून. त्यांना कळतं यंत्रातलं. मलाच कळत नाही." तिने आकड्यावरचा हात काढला, तळव्यावर उठलेला गंजाचा वळ छत्रीच्या कापडाला पुसला आणि माझ्याकडे न बघता शाळेकडे चालू लागली. बाकीचे आठ जण तिच्या मागे निघाले. पेंग काकू वाटेत मोठ्याने हिशेब मांडत होत्या की बुरशी आधी कोणाच्या फळांना धरेल.

बारा वाजून गेले. एक वाजून गेला. मी जेवले नाही. कार्ड कोटाच्या खिशात घालून यंत्रासमोर बसून होते. इतका वेळ मी कधीच नुसती बसत नाही. ड्रायव्हरच्या साडेचार हजार ओळी मी पहिल्यापासून वाचत गेले. 'थांबा' छापणारी ओळ एकच आहे आणि कार्डाने सांगितल्याशिवाय ती चालत नाही. मी ती तीनदा वाचली.

हॉलमध्ये आवाज चढले होते. वस्तीतल्या चार बायका सरपंचांना म्हणत होत्या की नियम माणसांसाठी असतो. दोनपर्यंत वाट पाहू आणि साखळी काढू, असं ठरलं. सरपंचांनी होकाराची मान हलवली. माझ्याकडे पाहिलं, आणि मीही हलवली. बावन्न परड्या मला डोळ्यांसमोर दिसत होत्या. शेगडी कधीच विझली असणार.

एक चाळीसला सरपंच शाळेच्या पायऱ्यांवर उभे होते. ते म्हणाले, "ओढा कुठे गेला?"

मी कान दिला. सकाळपासून चाललेला पाण्याचा आवाज थांबला होता.

आम्ही पुलाकडे पाहिलं. खालचे दगड ओले होते, चमकत होते. पाणी नव्हतं; वर कुठेतरी माती सरकून ते अडलं होतं.

कच्च्या मातीचा वास आला.

सरपंच साखळीच्या दिशेने पळाले, दोन्ही हात आडवे करून. पुलावर कोणी नव्हतं. कोणीच नव्हतं.

एक बावन्नला डोंगर आला.

आधी झाडं चालली, उभीच्या उभी. मग त्यांच्याखालची जमीन. दगडांनी भरलेले शंभर ट्रक एकदम रिकामे व्हावेत तसा आवाज, आणि तो थांबेना. वळणावरचा खांब तिरका झाला, क्षणभर तसाच राहिला आणि खाली गेला. आईच्या घराचं छप्पर आम्हाला दिसत होतं. मग दिसेनासं झालं.

ऊन तसंच होतं.

सरपंचांनी माणसं मोजली. त्रेचाळीस. पुन्हा मोजली. शाळेतले शिक्षक वेगळे, मी वेगळी. त्रेचाळीस. ते पायरीवर बसले, बूट काढले आणि त्यातलं पाणी सांडलं, नव्हतं तरी.

आई माझ्याजवळ आली. तिने माझ्या कोटाची बाही दोन्ही हातांनी धरली. आम्ही दोघी खाली बसलो. ती म्हणाली, "माझा सोलायचा चाकू राहिला वर." मग ती हसायला लागली आणि मीही. पेंग काकू रडत रडत आमच्यावर रागावल्या आणि मग त्यांनाही हसू आलं. त्या दुपारी हॉलमध्ये इतका गोंगाट होता की नंतर आलेल्या बचावपथकाला वाटलं इथे लग्न आहे. लोकांनी गार शेवया दोनदोनदा घेतल्या. मी तीनदा घेतल्या. अन्नाची चव इतकी चांगली मला क्वचितच लागली आहे.

दोन वाजून पाच मिनिटांनी मी समाजमंदिरात गेले होते. आठही दिवे हिरवे होते. सहावा खांब मातीखाली होता, सहावी तार टेबलावर, कार्ड खिशात. पडद्यावर शेवटचं 'थांबा' एक वाजून त्रेपन्न मिनिटांचं होतं. त्यानंतर: सहा: तयार. मी सरपंचांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोनदा खोकून मायक्रोफोन घेतला आणि सगळे सुखरूप आहेत, वर कोणी जाऊ नये, असं सांगितलं. यंत्राने कुरकुर केली नाही.

कार्ड मी कंपनीत नेलं. नव्वद तास तपासलं. दोष आढळला नाही, असं अहवालात लिहिलं. ते खरं आहे. नोंदींची प्रत वेनला दाखवली. त्याने त्या वाचल्या, लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "तुझी आई बरी आहे ना?" आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही. पेंग काकूंनी भूमिदेवाला कोंबडा वाहिला. आई म्हणाली, वाहा, पण त्याला विजेतलं काय कळतं.

वरच्या वस्तीत आता कोणी राहत नाही. त्रेचाळीसही जण खाली शाळेमागच्या नव्या घरांत राहतात. यंत्राला आता सातच तारा आहेत. सहाव्या खाचेवर मी पत्र्याचं झाकण बसवलं. पर्सिमनं खालच्या शेतातली येतात. आई म्हणते, वर जास्त गोड होती. पण ती रात्री शांत झोपते, आणि मीही. त्या मंगळवारचा विचार आला की माझ्या मनात पहिल्यांदा येतो तो तिचा साखळीवरून निघालेला हात. भीती त्यानंतर येते आणि ती फार नसते.

यंत्राची चाचणी दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाला होते. गेल्या जूनमध्ये मी रजेवर गावी होते. सरपंच समाजमंदिराच्या दारात आले आणि साध्या आवाजात म्हणाले, "दोन नंबर थांबा म्हणतोय."

दोन नंबरचा खांब आमच्या नव्या घराच्या अंगणाच्या कोपऱ्यात आहे.

कोणी काही विचारलं नाही. पेंग काकूंनी गॅस बंद केला. माणसं घरांतून बाहेर येऊन भिंतींना लागून उभी राहिली. आकाश स्वच्छ होतं, ओढा वाहत होता, त्याचा आवाज मी ऐकत होते. वारा नव्हता. काहीही हललं नाही.

चार मिनिटं दहा सेकंदांनी दिवा हिरवा झाला. काहीही झालं नव्हतं. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. जिल्ह्यात कुठे काही झाल्याची बातमी नव्हती. मी तीन दिवस बातम्या पाहिल्या.

फक्त, त्या चार मिनिटांत आईने अंगणाच्या मधोमध असलेलं स्टूल उचलून बाजूला घेतलं होतं, कोणी यायचं असलं की वाट मोकळी करतात तसं. दिवा हिरवा झाल्यावरही ती लगेच हलली नाही. तिची नजर अंगणावरून फाटकापर्यंत सावकाश गेली आणि तिथे थोडी थांबली. मग तिने स्टूल जागेवर आणून ठेवलं.